पुनर्वसन कक्षातील पहिले महिने: रुग्णमूल्यांकन आणि कामाचा भार कसा सांभाळावा

जनरल वॉर्ड किंवा अतिदक्षता विभागातून पुनर्वसन कक्षात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला सुरुवातीला हा कक्ष शांत वाटतो. मॉनिटरचे आवाज नसतात, सलाइन मोजक्याच रुग्णांना चालू असते आणि बहुतेकांची नाडी व रक्तदाब स्थिर असतात. मग पहिली मॉर्निंग ड्यूटी एकटीने सांभाळायची वेळ येते आणि दुपारी ओव्हर देईपर्यंत (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवेपर्यंत) पाणी प्यायलाही सवड मिळत नाही. इथला वेळ औषधांच्या ट्रॉलीमागे जात नाही. तो कूस बदलण्यात, कॅथेटर घालून लघवी काढण्यात, शौचाच्या वेळा सांभाळण्यात, सावकाश भरवण्यात आणि खाटेवरून व्हीलचेअरवर नेण्यात जातो. मज्जारज्जूला इजा झालेले चार, पक्षाघाताचे तीन, डोक्याला मार लागलेला एक आणि पाय कापावा लागलेला एक, असे नऊ रुग्ण वाट्याला आले की कागदावर कोणीच गंभीर नसते, पण प्रत्येकाला दर दोन-चार तासांनी कोणाचे तरी दोन हात लागतात.

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या केंद्रांत या कामाची घडी बसलेली असते. मात्र महाराष्ट्रातील अनेक परिचारिकांना हेच काम अस्थिरोग किंवा मेंदूविकार वॉर्डाच्या एका बाजूला, इतर रुग्ण सांभाळत करावे लागते. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. त्यातील मुख्य सूचना अशी की, मूल्यांकन हे कामाव्यतिरिक्त भरायचे वेगळे कागद आहेत असे मानले तर ते नीट कधीच होत नाही. रोजच्या सेवेतच ते करण्याची सवय लागली, तर ते होतेही आणि पुढच्या कामाचा भारही कमी करते.

ओव्हर घेताना काय विचारावे

ओव्हर शक्यतो खाटेपाशी उभे राहून घ्यावा. टेबलाजवळ बसून ऐकलेल्या ओव्हरमध्ये निदान आणि औषधे कळतात, पण लघवीच्या पिशवीची नळी मांडीखाली दबली आहे हे कळत नाही. प्रत्येक रुग्णाबाबत काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात: शेवटची लघवी कधी आणि किती मिलिलिटर झाली, शेवटचा शौच कधी झाला, त्वचेवर कुठे खूण आहे, तोंडाने काय आणि कोणत्या घट्टपणाचे दिले जाते, उठवण्यासाठी किती माणसे लागतात, आणि आज त्याची फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करण्याचा सराव) किती वाजता आहे.

शेवटचा प्रश्न नव्या परिचारिका बहुधा विचारत नाहीत, पण पुनर्वसन कक्षाची सकाळ थेरपीच्या वेळापत्रकावरच चालते. साडेनऊला व्यायामाला जाणारा रुग्ण त्याआधी स्वच्छ झालेला, खाल्लेला, मूत्राशय रिकामे केलेला असावा, आणि त्याची वेदनाशामक व स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी परिणाम दिसावा इतकी आधी दिलेली असावी. ओल्या डायपरमध्ये किंवा दुखऱ्या खांद्यानिशी पाठवलेला रुग्ण अर्ध्या तासात परत येतो आणि त्याचा तो दिवस वाया जातो.

ही माहिती एका कागदावर तासांच्या रकान्यांत लिहावी. रुग्णांची नावे उभी, सात ते दोनचे तास आडवे आणि प्रत्येक चौकोनात ठरलेले काम एवढे पुरे. कोणत्या तासाला किती कामे एकत्र आदळणार आहेत हे या कागदावर आधीच दिसते, आणि त्यांतील दोन पुढे-मागे सरकवणे सकाळी सात वाजता शक्य असते, अकरा वाजता नसते.

पहिली फेरी: कोणाला या पाळीत धोका आहे

ओव्हर संपताच सर्व रुग्णांकडे एकदा, प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटे जावे. या फेरीत कोणतेही काम पूर्ण करायला थांबू नये, तातडीचा धोका दिसला तरच थांबावे. आवाज घरघरतो आहे का, ट्रॅकिऑस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या) नळीत स्राव साठला आहे का, मानेच्या इजेचा रुग्ण घामेजला आहे का, काल नीट बोलणारा आज गुंगीत आहे का, एक पिंढरी दुसरीपेक्षा सुजलेली आहे का, बेल त्याच्या चालत्या हाताजवळ आहे का, एवढे पाहायचे. पिंढरीच्या घेरात तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे आणि ते पाहीपर्यंत त्या पायाचा व्यायाम व मालिश थांबवावी. ज्याला पायाची संवेदना नाही, तो दुखते आहे असे सांगणार नाही.

नव्या रुग्णाचे मूल्यांकन थरांमध्ये करावे

नवा रुग्ण दाखल झाला की हातात जाडजूड फॉर्म येतो आणि तो पहिल्या तासात भरून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. पहिल्या तासात ज्या गोष्टींमुळे इजा होऊ शकते तेवढ्याच पाहाव्यात, पहिल्या २४ तासांत त्याची कार्यक्षमता, आणि पहिल्या आठवड्यात घर, कुटुंब व मनःस्थिती.

पहिल्या तासात त्वचा सर्वांत आधी. माकडहाड, बसण्याची हाडे, कमरेचे बाजूचे हाड, टाचा, घोटे आणि डोक्याचा मागचा भाग उघडून पाहावा; ब्रेस किंवा स्प्लिंट असेल तर डॉक्टरांना विचारून तो काढून त्याखालची त्वचाही पाहावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून बोटांनी दाबून पाहावे: तो भाग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा उष्ण, टणक किंवा फुगीर लागतो का, त्याचा रंग गडद जांभळट झाला आहे का. आधीच्या रुग्णालयातून बेडसोअर घेऊन आलेल्या रुग्णाच्या जखमेची लांबी, रुंदी, खोली आणि जागा त्याच वेळी लिहून ठेवली नाही, तर आठवड्याने जखम वाढली की भरत आली हे कोणालाच सांगता येत नाही. बेडसोअरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलमध्ये संवेदना, ओलावा, हालचाल, चलनवलन, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण असतात. एकूण ६ ते २३ गुणांपैकी १८ किंवा कमी आले तर धोका धरावा. तरीही आकड्यावर विसंबून त्वचा पाहणे सोडू नये. मज्जारज्जूच्या इजेत २० गुणांच्या रुग्णालाही एका रात्रीत टाचेवर फोड येऊ शकतो.

त्यानंतर गिळणे. पक्षाघाताच्या किंवा डोक्याला इजा झालेल्या रुग्णाच्या गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये, गोळीसुद्धा. हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, कारण आपल्याकडे आजारी माणसाला दोन चमचे चहा किंवा डाळीचे पाणी पाजणे ही मायेची गोष्ट समजली जाते, आणि असे पातळ द्रवच श्वासनलिकेत सर्वांत सहज उतरतात. ठसका लागला नाही म्हणजे गिळणे सुरक्षित आहे असे होत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर होणे, डोळ्यांत पाणी येणे, श्वासाची गती वाढणे ही चिन्हेही तितकीच महत्त्वाची आहेत.

मग मूत्राशय, पडण्याचा धोका, आणि बसवल्यावर रक्तदाब उतरतो का. झोपलेल्या स्थितीत रक्तदाब घ्यावा, बसवून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर थेट व्हीलचेअरवर न बसवता खाटेचे डोके टप्प्याटप्प्याने उंचावत न्यावे आणि पोटाचा पट्टा व पायमोज्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

कार्यक्षमतेसाठी बार्थेल इंडेक्स पुरेसा आहे. त्यात खाणे, अंघोळ, कपडे, शौच, उठबस, चालणे अशा दहा बाबींना मिळून १०० गुण असतात. नव्या परिचारिकेने त्यातील एक नियम पक्का करावा: रुग्ण प्रत्यक्ष काय करतो याचे गुण द्यायचे, त्याला काय करता येईल याचे नव्हे. थेरपी विभागात सदरा स्वतः घालणाऱ्या काकांना वॉर्डात मुलगाच सदरा घालत असेल, तर वॉर्डातील गुण मदतीचेच द्यावेत आणि हा फरक टिपून ठेवावा. पथकाच्या साप्ताहिक बैठकीत परिचारिकेकडून मिळणारी ही सर्वांत मोलाची माहिती असते, कारण चोवीस तास रुग्णाला पाहणारे दुसरे कोणीच नसते.

वाचा गेलेल्या रुग्णाचे मूल्यांकन करताना विशेष काळजी घ्यावी. तो तारीख सांगू शकत नाही म्हणजे त्याला भान नाही, असा निष्कर्ष काढू नये. हो-नाहीचे प्रश्न विचारावेत, चित्रांकडे बोट दाखवायला सांगावे, उत्तरासाठी थांबावे. एका बाजूचे भान हरपलेल्या रुग्णाला मात्र बेल आणि पाण्याचा पेला त्याला दिसणाऱ्या बाजूला द्यावा.

सेवा करतानाच मूल्यांकन

इथून पुढे वेगळा वेळ मिळणार नाही असे धरून चालावे. सकाळचे अंग पुसणे हेच त्वचेचे, सांध्यांचे आणि सुजेचे मूल्यांकन आहे. पाठ पुसताना टाचा आणि माकडहाड पाहावे, हात उचलताना खांदा दुखतो का आणि सांध्यापाशी खाच पडली आहे का ते पाहावे. पक्षाघाताच्या रुग्णाला दुबळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, आणि वॉर्डातील मदतनीस मावशी-मामांनाही हे पुन्हा पुन्हा सांगावे. एकदा दुखावलेला खांदा पुढे कित्येक आठवडे व्यायामात अडथळा आणतो.

भरवताना गिळणे पाहावे. रुग्ण सरळ बसलेला असावा, जेवणानंतर किमान अर्धा तास तसाच राहावा, आणि दुबळ्या बाजूच्या गालात घास साठला आहे का हे बोटाला गॉज गुंडाळून तपासावे. कॅथेटर घालताना लघवीचे प्रमाण, रंग आणि वास कळतो. ठराविक वेळाने कॅथेटर घालण्याच्या पद्धतीत साधारण चार ते सहा तासांचे अंतर असते आणि एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठू देऊ नये. सलग दोनदा जास्त निघाली तर अंतर कमी करायचे की पाण्याच्या वेळा बदलायच्या, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. खाटेवरून खुर्चीवर नेताना धडाचा तोल, पायांतील बळ आणि सूचना समजण्याची क्षमता हे सारे एकाच वेळी दिसते.

पाहिलेले लगेच खिशातल्या कागदावर दोन शब्दांत टिपावे आणि दर दोन तासांनी केस पेपरवर उतरवावे. पाळी संपताना एकदम लिहायला बसले की नऊ रुग्णांच्या टाचा आठवणीत एकमेकींत मिसळतात. ‘रुग्णाची स्थिती ठीक’ या वाक्यातून पुढच्या परिचारिकेला काहीच मिळत नाही. ‘डाव्या टाचेवर दोन सेंटिमीटर लाली, दाबल्यावर जात नाही, टाच उशीवर तरंगती ठेवली’ एवढे लिहिले तर तिचे पहिले काम ठरूनच जाते.

कामांची जुळणी

कूस बदलणे, कॅथेटर आणि त्वचेची पाहणी ही कामे एकाच फेरीत बसवावीत. सहा रुग्णांना कॅथेटर घालायचा असेल आणि सर्वांची वेळ सहा व बारा अशी लिहिलेली असेल, तर शेवटच्या रुग्णाला तास-दीड तास उशीर होणारच. परिसेविकांना (वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकांना) विचारून या वेळा वीस-वीस मिनिटांच्या अंतराने लावून घ्याव्यात. कूस बदलण्यासाठी मामांना प्रत्येक खाटेसाठी वेगळे बोलावण्याऐवजी दोघांनी मिळून सलग फेरी करावी. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम खाटेवरच्या रुग्णासाठी आहे. व्हीलचेअरवर बसलेल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी बसण्याच्या हाडांवरचा भार हलवला पाहिजे, आणि ते त्याने स्वतः करायला शिकले पाहिजे.

शौचाची वेळ न्याहारीनंतर अर्ध्या तासाने ठेवणे सोयीचे असते, कारण पोटात अन्न गेल्यावर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. पण सर्वांनाच सकाळी हे शक्य होत नाही. ज्याच्या घरी संध्याकाळी मदतीला माणूस असणार आहे, त्याची वेळ रुग्णालयातही संध्याकाळचीच बसवावी. वेळ मात्र रोज तीच हवी. एकदा घडी बसली की अवेळी कपडे व चादरी खराब होण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, आणि वॉर्डाचे कित्येक तास वाचतात.

वेळ वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड निर्णय मला शिकवण्याबाबतचा वाटतो. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या, पण हात चांगले असलेल्या तरुणाला स्वतः कॅथेटर घालायला शिकवायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागतो आणि परिचारिकेने घातला तर काही मिनिटांत काम होते. घाईच्या सकाळी आपण तेच करतो. पण तो महिनाभर वॉर्डात राहणार असेल, तर आज न दिलेला अर्धा तास पुढे शेकडो मिनिटांनी वसूल होतो, आणि त्यापेक्षा मोठे नुकसान हे की तो गावी जातो तेव्हाही परावलंबीच असतो. म्हणून दर पाळीत एका रुग्णाला एक कौशल्य शिकवायचे, एवढे तरी ठरवून घ्यावे आणि त्याची वेळ कागदावर लिहावी. स्वतःचा सदरा घालणाऱ्या आजोबांना दहा मिनिटे लागत असतील तर लागू द्यावीत. तेवढ्या वेळात शेजारच्या रुग्णाचे काम उरकावे.

नातेवाइकांची मदत आपल्याकडच्या वॉर्डांना लागतेच, आणि तेच उद्याचे सेवक असल्याने त्यांना शिकवणे आपले कर्तव्यही आहे. मात्र पत्नीने तीनदा आपल्यासमोर नळीने आहार नीट दिला आहे, हे पाहिल्याशिवाय ते काम तिच्यावर सोपवू नये, आणि सक्शनसारखे (नळीने स्राव ओढून काढण्याचे) काम केवळ आपल्याला वेळ नाही म्हणून त्यांच्याकडे जाऊ देऊ नये. शिकवतानाच घरची चौकशी करावी: संडास भारतीय बैठकीचा आहे का, दाराची रुंदी किती, उंबरा आहे का, पाणी तापवतात कसे. संवेदना नसलेल्या पायांवर गरम पाणी, चूल आणि मोटरसायकलचा सायलेन्सर यांमुळे होणारे भाजणे घरी गेल्यावर सहज घडते. अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगांच्या ओळखपत्रासाठी) समाजसेवा अधीक्षकांकडे रुग्णाला लवकर पाठवावे, कारण डिस्चार्जच्या दिवशी ते होत नाही.

एक तातडीची अवस्था तोंडपाठ हवी

पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूची इजा असलेल्या रुग्णाने अचानक ठणकणारी डोकेदुखी सांगितली, त्याचा चेहरा लाल झाला, मान-कपाळाला घाम फुटला, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (इजेखालच्या भागातील त्रासामुळे रक्तदाब अचानक धोकादायक वाढणे) धरूनच चालावे. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब अनेकदा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा एरवी साधा वाटणारा आकडा त्याच्यासाठी धोक्याचा असतो. म्हणूनच प्रत्येक रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेला हवा.

अशा वेळी रुग्णाला आडवे करू नये. ताबडतोब सरळ बसवावे, पाय खाली सोडावेत, पोटाचा पट्टा, पायमोजे, कंबरेची नाडी सैल करावी आणि कोणाला तरी डॉक्टरांना बोलवायला धाडावे. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब घेत कारण शोधावे. बहुतेक वेळा ते मूत्राशयात सापडते: नळीला पीळ बसलेला, पिशवी भरलेली किंवा कॅथेटर तुंबलेला असतो, कॅथेटर नसेल तर लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) वापरून घालावा. तिथे कारण नसेल तर गुदाशयात मल अडकला आहे का ते पाहावे, तेही आधी जेली लावून आणि हलक्या हाताने. त्यानंतर त्वचा, बुटातली सुरकुती, मांसात रुतलेले नख. उपचार न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बाकी आठ रुग्णांची कामे तोपर्यंत थांबली तरी चालतील.

भार झेपेनासा झाला तर

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे प्रमाण पाळले जात नाही, आणि रात्रपाळीत तर परिस्थिती अधिकच बिकट असते. अशा पाळीत काय मागे ठेवता येईल हे आधीच ठरवलेले असावे. डोके धुणे, खाटेची आवराआवर, सविस्तर फॉर्म आणि तातडीची नसलेली शिकवण पुढच्या पाळीवर जाऊ शकते. कूस बदलणे, मूत्राशय रिकामे करणे, गिळण्याबाबतची काळजी, इन्सुलिन आणि बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) जाऊ शकत नाहीत. बॅक्लोफेन अचानक बंद झाल्यास झटके आणि भ्रम होऊ शकतात; वॉर्डातील साठा संपत आला असेल तर शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नये.

स्वतःची पाठ हाही या कामाचा भाग समजावा. खाट कमरेच्या उंचीला आणल्याशिवाय वाकू नये, रुग्णाला काखेत हात घालून उचलू नये, सरकती चादर वापरावी, आणि दोन माणसांचे काम एकटीने करण्याची तयारी दाखवू नये.

परिसेविकांना सांगताना ‘फार काम आहे’ असे सांगून उपयोग होत नाही. ‘नऊ रुग्ण आहेत, त्यांतील सहा जणांना उठवायला दोघे लागतात, पाच जणांचे कॅथेटर दहा ते अकरामध्ये आहेत, आणि मामा एकच आहेत, दहा वाजता तासभर एक माणूस हवा’ असे सांगितले की त्यांना शेजारच्या वॉर्डातून कोणाला तरी आणता येते, निदान अधिसेविकांपुढे (मेट्रनपुढे) ठेवायला आकडे मिळतात. मदत मिळाली नाही आणि एखादी कूस किंवा कॅथेटर चुकला, तर ती वेळ तशीच मोकळी ठेवून पुढे कारण लिहावे. न केलेल्या कामापुढे केल्याची खूण करू नये. पुढच्या परिचारिकेला त्या मोकळ्या चौकोनावरून कळते की त्या रुग्णाकडे आपल्याला सर्वांत आधी जायचे आहे.